वेणी ठेवायची का कापायची

प्रिय सुमे,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. जाऊ म्हणायली पन्नाशीनंतर लांब वेणी शोभत नाही कापून टाक, सासूबाई म्हणायल्यात सवाष्ण बाईनं केसाला कात्री लावू नये, आणि तू मधल्यामधे. अगं पण या दोघींपैकी तुझं डोकं धुतं कोण?

मला तर अजिबात पटत नाही हे वयाचं. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, असा २ ते ६ वर्षं वाढून मग गळतो आणि जागेवर नवा येतो. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की हा वाढायचा काळच आखडतो, केसही बारीक होतो, म्हणून कॉलेजात कमरेखाली लोळणारी वेणी आता पाठीवरच संपते आणि टोकाला उंदराची शेपटी राहते. कुणाची नजर लागली नाही तुला.

दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, लांब असले की गुंता मोठा दिसतो एवढंच. पण तू म्हणतेस मूठ मूठ जातेत, तर पार्लरच्या आधी लॅबमध्ये जा, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तिन्ही बघून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि आपल्याकडच्या बायका ९ वर सुद्धा उपवास धरतेत आणि रानात राबतेत, केसाला काय मिळणार मग. अन् तो करकचून घातलेला अंबाडा सोड बरं, वर्षानुवर्षं रोज तसंच ओढलं की कानशिलावरचे केस जातेत ते पुढं येतच नाहीत, त्यात लांबीचा काही दोष नाही.

सासूबाईंच्या बोलण्याचा मला खरंच राग आला. सवाष्ण आहे म्हणून ठेव, आणि नवरा गेला की काढ, हे असंच चालायचं ना पूर्वी? १८९० ला मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडेंच्या पुढाकारानं न्हाव्यांनी संप केला, विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून. वस्तरा धरणाऱ्यांना कळलं तेव्हा, आणि आपण अजून कुंकवावरून केसाची लांबी ठरवायलोत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं तेव्हाचं आठवतं का, माझे केस कमरेपर्यंत, धुवायला एकच बादली, ती पण बोअरच्या क्षाराच्या पाण्याची, शाम्पूला फेस येईना, डोकं चिकट आणि केस राठ. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांनी त्या उन्हाळ्यात केस खांद्यापर्यंत आणले, सवाष्ण आणि विधवा दोघींनी पण, तेव्हा कुणी एक शब्द काढला नाही. पाणी नव्हतं म्हणून चाललं, मग बाईला वाटलं म्हणून का चालू नये?

तुझा खांदा आखडलाय, हात वर जाईना, सुनेला रोज वेणी घालायला लावणं तुला जड जातं, हे मात्र मला खरं कारण वाटतं. त्यासाठी कापलेस तर मी कौतुकच करीन. पण नोटच्या शेवटी तू हळूच म्हणालीस ना की मला वेणी आवडते गं, तर मग राहू दे. खालची पातळ झालेली ३-४ इंच काढ, यू कट दे म्हणावं, वेणी लगेच भरीव दिसते. आणि केस एका खांद्यावरून पुढं घेऊन सैल तिपेडी घालून बघ, हात छातीच्या वर न्यावाच लागत नाही. बसूनच घाल, आणि गुंता मोठ्या दाताच्या कंगव्यानं टोकाकडून वर काढत जा, मुळापासून ओढू नको.

जावेला सांग की मी विचारलं नव्हतं. सासूबाईंशी मी बोलते तिकडं आल्यावर, माझं ऐकतेत त्या.

रिपोर्ट आले की फोटो पाठव, इथल्या डॉक्टर मॅडमना दाखवून फोन करते.

तुझीच,
मंदा