कटासराजहून आल्यावर

नाशिक, 12 मार्च

प्रिय बंडू,

‘अटकेपार झेंडा लावून ये’ हा तुझा मेसेज अटारीला रेंज जाण्याआधी मिळाला. झेंडा राहिला बाजूला, तिकडे चहाला रस्ता ओलांडायचा तरी पोलिसाला विचारावं लागे. आमचा व्हिसा कटासराजच्या शंकराच्या देवळांना जाणाऱ्या यात्रेकरूंचा, 1974 च्या भारत-पाक करारातला. त्यावर लिहिलेली ठिकाणं तेवढीच आपली. अटक त्यात नव्हतं. बाकीचं पाकिस्तान मी बसच्या काचेतून पाहिलं.

लाहोरच्या मॉल रोडवर म्युझियमसमोर झमझमा तोफ ठेवलीय. चौदा फुटांहून लांब. अब्दालीच्या वजिराने ओतवून घेतलेली आणि पानिपतावर आपल्या लोकांवर चाललेली. 1758 च्या एप्रिलात राघोबादादा याच शहरात शिरले होते, त्याची एक वीटही कोणी दाखवली नाही, तोफ मात्र चौकात. सिग्नल जेमतेम मिनिटाचा. घाईत फोटो काढला, त्यात तोफ अर्धी आणि पुढच्या सीटवरच्या आजोबांची टोपी पूर्ण आलीय. त्या म्युझियमचे क्युरेटर होते लेखक किपलिंगचे वडील, आणि ते आधी आपल्या मुंबईच्या जेजे आर्ट स्कूलमध्ये शिकवायचे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांचीच. आपण त्यांच्याखालून किती वेळा आंबे घेऊन गेलो असू!

पण मला खरा माणूस भेटला तो गंगाराम. सर गंगाराम. दिल्लीचं हॉस्पिटल आपल्याला माहीत, पण मूळचं लाहोरचं, 1921 चं, आणि ते अजून त्याच नावाने चालू आहे. हा गडी रुरकीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकलेला, लाहोरात पीडब्ल्यूडीचा एक्झिक्युटिव्ह इंजिनियर. म्हणजे आपल्याच खात्यातला म्हण की! तिथलं जीपीओ त्याचं, म्युझियमची इमारत त्याने उभी केलेली. 1927 मध्ये लंडनला वारला, थोड्या अस्थी गंगेत गेल्या आणि उरलेल्या लाहोरला आल्या. समाधी शहरातच आहे, पण व्हिसात नाही. आपल्या खात्यात कोणाची समाधी बांधावी असं एक तरी नाव तुला सुचतं का? मला बिलं अडकवणारेच आठवतात.

मुक्काम गुरुद्वारा डेरा साहिबला होता. 1606 मध्ये शिखांचे गुरू अर्जनदेव यांनी जिथे देह ठेवला ते ठिकाण. शेजारीच रणजितसिंगांची समाधी, आणि पलीकडे बादशाही मशीद. पहाटे समाधीपाशी कोणी नव्हतं. दारावर लाल दगडात गणपती, देवी आणि ब्रह्मदेव. शीख महाराजाच्या समाधीवर, मशिदीच्या सावलीत, आपला गणपती! मी चप्पल काढून उभाच राहिलो. महाराज 1839 ला गेले, काम संपायला 1848 उजाडलं, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य घेतलं. आत संगमरवरी कमळाखाली महाराजांची रक्षा, भोवती सती गेलेल्या चार राण्या आणि सात दासींच्या अकरा लहान कळ्या. आणखी दोन कळ्या आहेत त्या चितेत सापडलेल्या दोन कबुतरांच्या, असं सांगतात. राण्यांच्या जोडीला कबुतरांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाबद्दल मी रात्रभर विचार करत होतो.

आता कटास. मोटरवे सोडून बस मिठाच्या डोंगरात चढली आणि लांबून आधी सिमेंटच्या कारखान्याची धुराडी दिसली, देवळं नंतर. पत्नी सती वारल्यावर शंकराच्या डोळ्यातून दोन थेंब पडले, एक पुष्करला आणि एक इथे, त्याचंच हे तळं, अशी कथा. पांडवांना यक्ष भेटला तोही याच तळ्यावर म्हणतात. भोवती सातघरा नावाची देवळं, एक बौद्ध स्तूप, वरच्या अंगाला रणजितसिंगांचा सेनापती हरिसिंग नलव्याची हवेली.

बाकीचे अभिषेकाच्या रांगेत गेले, मी मात्र सवयीप्रमाणे कामाची पाहणी करायला. पायऱ्यांच्या दगडावर पाण्याची जुनी रेघ आहे, काळपट, सरळ, ओळंब्याने आखल्यासारखी. पाणी तिच्याखाली चांगलं दोन-अडीच हात. हिरवं, जड. मी पायरीवर पालथा पडून वीत-वीत मोजत होतो, तर एक म्हातारा राखणदार धावत आला, मी पडलोच असं वाटून. मग दोघेही तिथेच बसलो. तो म्हणाला, लहानपणी आम्ही त्या हवेलीकडच्या कडेवरून उड्या मारायचो, तळ लागत नसे. मधे तर एकदा चिखलच राहिला होता. ते खरं आहे. जवळच्या कारखान्यांच्या बोअरनी जमिनीतलं पाणी ओढलं, तेव्हा 2017 ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने स्वतःहून केस चालवली आणि कारखान्यांना पाण्याची दुसरी सोय करायला लावली. यक्ष आज बसला असता तर पहिला प्रश्न बोअरवेलचाच विचारला असता.

‘तुम काम क्या करते थे?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘सरकारी.’ 34 वर्षं सिमेंटच्या गोणी मोजल्या हे मला त्या पायरीवर बसून सांगवेना, बंडू. मागेच एका ओवरीला कोणीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता. आतला चुना ओल सोडतो, सिमेंट ती बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खालपासून पोपडे धरलेले. नख लावलं की पापुद्रा हातात. शेजारचं जुनं काम, ज्याला कोणी हात लावला नाही, ते ठणठणीत. त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या त्या धर्मशाळेला आपण दोघांनी मिळून असाच गिलावा मारला होता, आठवतंय? एस्टिमेट तुझ्या अक्षरातलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊन भिंतीचा खालचा तीन फूट पट्टा बघून येतो. तू येतोस का? आलास तर वहिनींसाठी कटासच्या तीर्थाची बाटली ठेवलीय तीही घेऊन जा, कुरियरने पाठवली तर गळेल. त्यांना सांग, पाणी हिरवं आहे, नुसतं देवाजवळ ठेवायचं.

तुझाच,
विनू