विषय : चुकीच्या सल्ल्याने टॉवर स्पीकर गळ्यात मारल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

आज आपल्या प्रतिनिधीने माझे बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून लेखी कळवीत आहे.

भुसावळ येथील माझी खोली दहा बाय बारा फुटांची आहे, पुढचे स्पीकर भिंतीपासून अर्ध्या फुटापेक्षा दूर ठेवता येत नाहीत आणि माझ्या रिसीव्हरला (स्पीकरना वीज पुरवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) किमान ६ ओहमचे, म्हणजे तेवढा विद्युतरोध असलेले, स्पीकर लागतात, हे सर्व मी खरेदीपूर्वीच ईमेलने कळवले होते. स्टँडवर लहान बुकशेल्फ स्पीकर ठेवून ८० हर्ट्झखालचा, म्हणजे खर्जाचा, आवाज सबवूफरकडे (फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे) द्यावा, असा माझा विचार होता. आपण मात्र ‘टॉवरच घ्या’, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकरच घ्या, असे लेखी कळवले. प्रत्यक्षात आलेल्या टॉवरवर ४ ओहम छापलेले आहे आणि बासचे पोर्ट (खर्जाची हवा बाहेर सोडणारे भोक) मागच्या बाजूला आहे. भिंतीला खेटलेल्या पोर्टमुळे खर्ज फुगतो, हे ते बनवणाऱ्यांना ठाऊक असलेच पाहिजे. वडील भजने लावतात तेव्हा डग्ग्याचा एकही ठोका सुटा ऐकू येत नाही, सगळा नुसता घुमारा होतो आणि कपाटाची काच थरथरते. आवाज जरा वाढवला की रिसीव्हर ‘टक्’ करून बंद पडतो. ओहम कमी तितका करंट जास्त; ४ ओहमच्या टॉवरमुळे त्याच व्होल्टेजला ६ ओहमच्या दीडपट करंट ओढला जात असेल, तर आमच्या उन्हाळ्यात तो तापणारच.

हे मी प्रतिनिधीला शांतपणे सांगितले. त्यांनी आधी विचारले, “आवाज येतो ना?” येतो, पण स्वच्छ येत नाही, असे मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “भुसावळला एवढं बारीक कोण ऐकतं, साहेब? टॉवर मोठा आहे, पाहुण्यांवर छाप पडते.” मी ओहमचा मुद्दा पुन्हा काढताच, “मग रिसीव्हर बदला,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला. आमच्या घरात बारीक ऐकणारे आहेत. वडिलांचे कान त्यात मुरलेले आहेत आणि गावाचे नाव काढून त्यांचा अपमान करण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही.

थोरल्या भावाकडे आपल्याच कंपनीचे जुने बुकशेल्फ आजही निर्मळ वाजतात, म्हणून तर मी आपल्याकडे आलो होतो. त्या विश्वासाला तडा गेला याचे दुःख पैशापेक्षा मोठे आहे. ६ ओहमची अट मी आधीच कळवली होती, हे पुन्हा नमूद करतो.

पंधरा दिवसांत टॉवर स्वखर्चाने परत नेऊन ६ किंवा ८ ओहमचे बुकशेल्फ द्यावेत आणि किमतीतील फरक परत करावा. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपल्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे.

आपला ग्राहक,
भुसावळ, जि. जळगाव