रामवाडीचे ज्ञानदीप: सेमिनरी वेगळी, विद्यापीठ वेगळे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगर रस्त्यावरच्या रामवाडीतील ज्ञानदीप विद्यापीठाचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेचा, उल्लेख बातम्यांत ‘पाद्री घडवणारी संस्था’ एवढाच येतो. गल्लत तिथेच होते. सेमिनरी म्हणजे भावी धर्मगुरूंचे राहणे, प्रार्थना आणि शिस्त. पेपल सेमिनरी आणि येशूसंघीयांचे (जेझुइट धर्मगुरूंचे) डी नोबिली कॉलेज यांचे काम ते. वर्ग, परीक्षा आणि पदव्या हा विद्यापीठाचा प्रांत, आणि तिथे धर्मभगिनी व प्रापंचिकही शिकतात.

पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये कँडी येथे, आजच्या श्रीलंकेत, भारतासाठी सेमिनरी काढली. पदव्या देण्याचा अधिकार १९२६ मध्ये मिळाला, आणि १९५५ मध्ये सगळा संसार पुण्याला आला. त्यानंतरच्या काळातले एकच नाव घेतो: बेल्जियन येशूसंघीय रिचर्ड डी स्मेट. शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर डॉक्टरेट करून ते इथे शिकवायला आले. निर्गुण ब्रह्माला व्यक्तित्वशून्य म्हणता येत नाही, हा मुद्दा त्यांनी मूळ संस्कृत भाष्ये समोर ठेवून मांडला. अद्वैताचा असा कसून अभ्यास पुण्यात झाला, हे मराठी वाचकापर्यंत पोचायलाच हवे.

आता पदव्यांविषयी, कारण फटका बसतो तो तिथे. तत्त्वज्ञानाची पहिली पदवी पूर्वी दोन वर्षांची होती. २०११ च्या रोमच्या आदेशाने ती तीन वर्षांची झाली. तर्कशास्त्र आणि सत्तामीमांसा (अस्तित्वाच्या स्वरूपाचा विचार) कच्ची राहिली की पुढे थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरविषयक धर्मशास्त्र, नुसती पाठ होते, हे त्यामागचे कारण, आणि ते मला पटते. त्यापुढे दोन वर्षांची लायसेन्शिएट. या शब्दामुळे लोकांना परवाना आठवतो, पण ती एम.ए.च्या तोडीची पदवी आहे आणि सेमिनरीत शिकवण्याची पात्रता तिच्यामुळे येते. शेवटी डॉक्टरेट. तिथे प्रबंध मंजूर झाला म्हणून काम संपत नाही. त्याचा मुख्य भाग तरी छापून प्रसिद्ध करावा लागतो.

या पदव्या रोमच्या धर्मपीठाच्या, म्हणजे पोपच्या केंद्रीय सत्तेच्या, नावाने दिल्या जातात. आपल्याकडे १९५६ च्या यूजीसी कायद्याचे कलम २२ सांगते की पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत संस्थांना किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्यांना. त्यामुळे लायसेन्शिएट घेतलेला मुलगा महाविद्यालयातल्या जागेसाठी अर्ज भरतो आणि ‘मान्यताप्राप्त विद्यापीठ’ या रकान्यापाशी अडकतो. अभ्यासात तो कुठेच कमी नसतो, अडतो तो कागद. अशांनी सरकारमान्य विद्यापीठाची तत्त्वज्ञानातली एम.ए. वेगळी करावी, तीही आधीच. नोकरीची जाहिरात आल्यावर धावाधाव करून ती होत नाही. गुणपत्रकावर विषयवार तास आणि क्रेडिट छापून घ्यावेत. परदेशात पुढे शिकायचे झाल्यास ते फार उपयोगी पडतात, कारण युरोपातल्या बोलोन्या प्रक्रियेत, म्हणजे देशादेशांतल्या पदव्या एकमेकांशी ताडता याव्यात म्हणून झालेल्या करारात, रोमचे धर्मपीठ २००३ पासून सामील आहे.

आपल्या शिक्षणविषयक पानावर अशा संस्थांची माहिती देताना पदवी कोणाच्या नावाने मिळते, ही एक ओळ जरूर छापावी. आणि मुलांना इथे पाठवणाऱ्या धर्मप्रांतांनी (बिशपांच्या कारभारक्षेत्रांनी) व धर्मसंघांनी ती प्रवेशाच्या दिवशीच मुलांच्या हातात लेखी द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे