पाखाडीला रेलिंग लावूया

आंतीब, 12 मे 2024

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्या आणि तुमचं पुण्याला जाणं, हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण या विषयावर फोनवर आपण तिघंही पाचव्या मिनिटाला चिडतो, आणि मग आई 'कुकरची शिट्टी होतेय' म्हणून ठेवून देते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. बाबा, बोटांनी मोठं करून वाचा, चष्मा शोधत बसू नका.

गुरुवारी इथे फ्रान्समध्ये सुट्टी होती. ऑफिसातल्या कुणी तरी सओर्ज या गावाचं नाव सांगितलं होतं, तर एकटीच निघाले. नीसहून रोया नदीच्या खोऱ्यात एक छोटी गाडी जाते. बाबा, या गाडीत तुम्ही हवे होतात. बोगदा संपला की पूल, पूल संपला की बोगदा, खाली नदी आणि वर उभे कडे. पुढे ताँदकडे जाताना तर गाडी डोंगराच्या पोटात गोल वळसे घेत चढते. हा मार्ग 1928 साली सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने माघार घेताना पूल आणि बोगदे उडवून दिले, आणि ब्रेय गावाच्या पुढचा भाग पुन्हा सुरू व्हायला 1979 उजाडलं. तुम्ही कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्याच्या गोष्टी सांगायचात तेव्हा आम्ही दोघं कंटाळून पळायचो. परवा खिडकीला नाक लावून बसले होते आणि प्रत्येक बोगद्यात तुमचीच आठवण येत होती. पाणी कुठून काढलं असेल, दगड कसला असेल. विचारायला शेजारी कोणी नव्हतं.

स्टेशनातून रस्त्याने चालत गेलं की एका वळणावर अख्खं गाव एकदम समोर येतं. दरीच्या वर, पाचेकशे मीटर उंचीवर, कड्याला बिलगून बसलेलं. उंच उंच दगडी घरं एकावर एक रचल्यासारखी, आणि छपरांवर कौलं नाहीत, जांभळट पाटीच्या दगडाचे पत्रे. आई, तू पाटीवर लिहायला शिकलीस ना, तसला दगड. एकेका छपरावर त्याचं किती वजन असेल! वाशांची कीव आली.

गावात गाडी जात नाही. वेशीपाशी ठेवायची आणि पुढे पायऱ्या. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला लागायचं. काही गल्ल्या तर घरांच्या खालूनच जातात, भरदुपारी अंधार. मी पायऱ्या मोजायला लागले आणि दोनशेच्या पुढे नाद सोडला. उतारामुळे घरांना दोन दोन दारं आहेत, तळमजल्याचं खालच्या गल्लीत आणि वरच्या मजल्याचं वरच्या गल्लीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

देऊळ म्हणाल तर सेंट सोव्हरचं चर्च. आत 1847 चा एक मोठा ऑर्गन आहे, इटलीतल्या पाव्हियाच्या लिंजार्दी बंधूंनी बनवलेला. तो डोंगरावर कसा चढवला असेल हे बाबा, तुम्हीच सांगा. गावाच्या टोकाला फ्रान्सिस्कन साधूंचा जुना मठ आहे. ओवरीच्या भिंतींवर संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेत. आता मठात साधू नाहीत. लिहिणाऱ्या लोकांना तिथे काही आठवडे खोली मिळते. परसात भाजीचे वाफे इतके नीटनेटके की आई, तू पाहिलेस तर पहिल्यांदा तण शोधशील, आणि तुला सापडणार नाही.

भोवतालच्या उतारांवर आपल्यासारख्याच पायऱ्या पाडलेल्या आहेत, फक्त भाताऐवजी ऑलिव्हची झाडं. त्यांचे बांध म्हणजे शुद्ध आपले गडगे. ना चुना, ना सिमेंट, दगडाला दगड बसवलेला. अशा कोरड्या दगडी बांधकामाची कला 2018 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली, फ्रान्ससकट आठ देशांच्या नावाने. आपल्या आगराचा गडगा दर पावसाळ्यानंतर बाबा मुकाट्याने रचत बसतात, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही. इथेही बरेच गडगे ढासळलेत, कारण रचणारे हात कमी झाले. गावात साडेचारशेच्या आसपास माणसं. खूप खिडक्या बंद होत्या. उन्हाळ्यात शहरातले मालक येतात आणि थंडीत परत जातात. आपल्या वाडीतली गणपतीपुरती उघडणारी घरं आठवली. तेव्हा मी तुम्हाला सुंदर गावाचं सुंदर चित्र काढून पाठवतेय असं समजू नका.

हे खोरं नशिबानेही चमत्कारिक. नीसबरोबर सओर्ज 1860 मध्ये फ्रान्सकडे आलं, पण वरची ताँद आणि ला ब्रीग ही गावं 1947 पर्यंत इटलीतच होती. शेजारच्या दोन गावांत देश वेगळे, बोली एकच. आणि 2 ऑक्टोबर 2020 ला आलेक्स नावाचं वादळ आलं. शेजारच्या व्हेझ्युबी खोऱ्यात एका दिवसात 500 मिलिमीटर पाऊस झाला. बाबा, तुम्ही हसाल, आपल्याला तेवढा पाऊस नवा नाही. पण या अरुंद घळीत तो रस्ते, पूल, घरं सगळं घेऊन गेला. रोयातली गावं तुटली, आणि रस्ते नव्हते तेव्हा वरच्या लोकांना या रेल्वेनेच धरून ठेवलं. ताँदचा रस्त्याचा बोगदाही त्या वादळात बंद पडला. त्याच्या पुढच्या वर्षी जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा मामाकडचा फोन लागेना, ते दोन दिवस आठवतात ना? इथले लोक त्या रात्रीबद्दल बोलतात तेव्हा अगदी मामीसारखाच आवाज लावतात.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

मठाकडून उतरताना एका वळणावर दगडी बाकावर एक आजी बसल्या होत्या. पंच्याऐंशी तरी असतील. शेजारी पावाची पिशवी. माझं फ्रेंच म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पण त्यांना बोलायला माणूस हवं होतं, त्यामुळे जमलं. त्यांचा मुलगा लिऑनला असतो आणि त्यांना घेऊन जायचं म्हणतो. मी हसले. त्यांनी कारण विचारलं, तर मी सांगून टाकलं की मी पण त्या मुलासारखीच आहे. मग त्यांनी मला हाताला धरून घर दाखवलं. आधी त्या वरच्या मजल्यावर झोपायच्या आणि खालच्या दाराने ये-जा करायच्या. गुडघे गेल्यावर सगळा संसार वरच्या मजल्यावर हलवला आणि वरच्या गल्लीचं दार वापरायला सुरुवात केली. म्हणजे घरातला जिनाच गेला. गल्लीत भिंतीला लोखंडी कठडा आहे. दर वळणाला टेकायला बाक आहे. सिलिंडर आणि सामान पट्ट्यावर चालणाऱ्या एका छोट्या इंजिनाच्या गाडीवरून चढतं. ती गाडी पायऱ्यांवरून खडखडत जाताना मी पाहिली, दोन पोरं मागे ओरडत पळत होती.

आई, बाबा, दिवाळीत मी दादाची बाजू घेतली होती. पुण्यात लिफ्ट आहे, दवाखाना खाली आहे, काय नाही तिथे, असं बोलले. गेल्या जूनमध्ये बाबा शेवाळावरून घसरले ते तुम्ही माझ्यापासून लपवलंत, याचा रागही त्यात होता. तो अजून आहे. मनगटाला प्लास्टर घालून व्हिडिओ कॉलवर हात खाली धरून बसायचं, हे कुठलं शहाणपण? पण घसरायला लावलं ते पाखाडीने, घराने नव्हे, हे मला सओर्जच्या त्या बाकावर बसेपर्यंत सुचलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. पुण्याचं पुढे बघू. दादाशी मी बोलते, तुम्ही काही बोलू नका. पावसाच्या आत पाखाडीला रेलिंग लावून घ्या. साधा जीआय पाइप, पण उतरताना उजव्या हाताला, कारण बाबांचा डावा गुडघा दुखरा. शृंगारतळीच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा, पैसे मी पाठवते. चिरे खूप गुळगुळीत झालेत तिथे टाचवून घ्या, शेवाळ धरणार नाही. मधल्या वळणावर फणसाखाली एक कट्टा, दोन माणसं बसतील एवढा. आणि बाबा, तुम्ही माडीवर झोपणं बंद. माजघरात खाट टाका. तुमचा रेडिओ, पुस्तकं, डासांची अगरबत्ती, सगळं खाली येईल, काही जग बुडणार नाही. आई, सिलिंडर वर आणायला त्या पोराला पन्नास रुपये जास्त द्यायचे, घासाघीस करायची नाही.

आजींनी निघताना मला ऑलिव्ह दिले, नीसकडचे ते बारीक काळे, मिठाच्या पाण्यातले. बाटली जपून ठेवलीय, गणपतीला येताना आणीन. चव कडवट आहे. आई, तुला नाही आवडणार. बाबा दहीभाताबरोबर संपवतील.

फॅब्रिकेशनवाल्याला लांबी लागेल, तर आधी पायऱ्या मोजून कळवा. मी लहानपणी मोजायचे तेव्हा 71 यायच्या आणि दादा 70 वर अडून बसायचा.

तुमची,
मनू