टायगर शार्क : फोटो चुकला, पोटाचा अर्थही चुकला

मा. संपादक,
स. न.

‘समुद्रातली नरभक्षक कचराकुंडी’ या मथळ्याखाली आपल्या दैनिकात टायगर शार्कवर लेख आला आहे. त्यासोबत छापलेला फोटो मुळात टायगर शार्कचा नाही, तो सँड टायगर या वेगळ्याच शार्कचा आहे. निमुळते टोकदार मुस्कट, तोंड मिटलेले असतानाही बाहेर डोकावणारे सुईसारखे दात आणि पाठीवरचे जवळपास सारख्या आकाराचे दोन पर, ही त्याची ओळख. टायगर शार्कचे मुस्कट बोथट आणि रुंद असते, तोंडाच्या कोपऱ्यापासून डोळ्याच्या दिशेने लांब खाच जाते, पाठीवरचा पहिला पर दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. अंगावरचे पट्टे मात्र निर्णायक मानू नयेत. पिल्लांवर ते गडद असतात, वयाबरोबर फिके होतात आणि चार मीटरच्या जुन्या मादीवर शोधावेच लागतात. शंका उरली तर दात पाहावा. तो कोंबड्याच्या तुऱ्यासारखा तिरका असतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला खोल खाच असते आणि कडेच्या दातेऱ्यांवर पुन्हा बारीक दातेरे असतात.

या दातातच लेखाच्या मुख्य दाव्याचे उत्तर आहे. ‘जे मिळेल ते गिळतो’ असे लेखक म्हणतात. टायगर शार्कच्या पोटात पत्र्याचे डबे, टायरचे तुकडे, गाड्यांच्या नंबरप्लेट सापडल्या आहेत, हे खरे. पण पोटात काय सापडले आणि प्राणी कशावर जगतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मांस काही दिवसांत पचते. पत्रा पचत नाही, म्हणून तो साचतो आणि पोट फाडणाऱ्याला तोच आधी दिसतो. न पचणाऱ्या वस्तू बाहेर टाकायला हा मासा जठर तोंडावाटे उलटे करू शकतो, पण दर वेळी सगळे निघतेच असे नाही. वरच्या आणि खालच्या जबड्यातले दात एकाच घडणीचे आहेत. चावा घेतल्यावर डोके दोन्ही बाजूंना झटकले की ते कासवाचे कवच कापत जातात. इतके कठीण भक्ष्य फोडू शकणारे शार्क फार थोडे. ज्याला कचराकुंडी म्हटले जाते तो खरे तर कवचधारी भक्ष्याचा पटाईत शिकारी आहे.

आहार वयानुसार बदलतो. लहान टायगर शार्क मासे, माकूळ, समुद्री साप, पक्षी असे खातात. लांबी साधारण अडीच मीटरच्या पुढे गेली की कासवे, मोठे रे मासे, इतर शार्क, डुगाँग (समुद्री गवत चरणारा सस्तन प्राणी) यांचे प्रमाण वाढते. मेलेले देवमासेही त्यांना चालतात. वेळही ते नेमकी साधतात. हवाई बेटांच्या साखळीतल्या फ्रेंच फ्रिगेट शोल्सला अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्ले उन्हाळ्यात पहिल्यांदा उडायला निघून पाण्यावर बसतात, तेव्हा टायगर शार्क तिथे हजर असतात. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथे तर टायगर शार्कच्या वावरामुळे डुगाँग चरण्याच्या जागाच बदलतात. त्याचा परिणाम समुद्री गवताच्या कुरणांवर होतो.

पोटात मानवी अवयव सापडला म्हणजे हल्ला झाला, हे लेखातले गृहीतकही तपासून घ्यायला हवे होते. सिडनीच्या कूजी मत्स्यालयात 25 एप्रिल 1935 रोजी एका टायगर शार्कने माणसाचा हात ओकला. त्यावरच्या गोंदणावरून ओळख पटली आणि हात चाकूने कापलेला असल्याचे निष्पन्न झाले. प्रकरण खुनाचे निघाले.

अर्थात हा मासा निरुपद्रवी नाही. माणसावरील नोंदलेल्या चाव्यांमध्ये पांढऱ्या मोठ्या शार्कनंतर त्याचाच क्रमांक लागतो. गढूळ पाणी, मुसळधार पावसानंतरची नदीमुखे, तिन्हीसांजेची वेळ आणि भाल्याने मारलेले मासे कमरेला बांधून पोहणे, हे टाळलेले बरे. पण ‘किनाऱ्याजवळचे शार्क मारून टाका’ ही लेखातली सूचना याआधी अमलात आणून झाली आहे. हवाईत 1959 ते 1976 या काळात 4,668 शार्क मारले गेले, त्यांत 554 टायगर शार्क होते. माणसांवरच्या हल्ल्यांच्या प्रमाणात मोजता येईल अशी घट झाली नाही. कारण ट्रान्समीटर लावलेल्या शार्कच्या मागोव्यातून पुढे दिसले: हा मासा एका किनाऱ्याला धरून राहत नाही. आज दिसलेला शार्क उद्या कित्येक किलोमीटर दूर असतो आणि त्याच्या जागी दुसराच येतो. म्हणजे ‘दोषी’ शार्क पकडणे ही कल्पनाच डळमळीत आहे.

नुकसान मात्र पक्के होते. मादीच्या पोटात पिल्ले 13 ते 16 महिने वाढतात. एका खेपेला 10 ते 80 पिल्ले होत असली, तरी हवाईतल्या माद्या साधारण तीन वर्षांतून एकदाच वितात. पिल्लाची जन्मतःची लांबी 50 ते 75 सेंटीमीटरच्या आसपास असते आणि त्यातली बरीचशी मोठ्या शार्कच्याच पोटात जातात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत ही जात ‘संकटसमीप’ गटात आहे.

शेवटी लांबीविषयी. लेखातला ‘आठ मीटरचा’ टायगर शार्क संशयास्पद आहे. प्रौढ मासा बहुधा सव्वातीन ते सव्वाचार मीटरचा असतो आणि साडेपाच मीटर म्हणजे फारच मोठा. शेपटीला बांधून टांगलेला मासा ताणला जातो, बोटीवरून केलेला अंदाज तर हमखास फुगतो. मापाची बातमी देताना मासा सपाट ठेवून मुस्कटाच्या टोकापासून सरळ रेषेत मोजला का, आणि ते माप शेपटीच्या वरच्या टोकापर्यंतचे आहे की मधल्या बेचक्यापर्यंतचे, एवढे दोन प्रश्न बातमीदाराने विचारावेत. फोटोची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
सागरी जीवशास्त्राचा एक अभ्यासक