मुंबई–सिंगापूर विमानाचे अंतर व प्रवासवेळ चुकीची दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

आपल्या ॲपवर मुंबई–सिंगापूर थेट विमानाचा प्रवास जाताना 8 तासांचा आणि येताना 3 तासांचा दाखवला आहे. दोन्ही आकडे चुकीचे आहेत. सोबत जोडलेल्या तिकिटाप्रमाणे विमान मुंबईहून 23:40 ला सुटून दुसऱ्या दिवशी 07:40 ला सिंगापूरला पोहोचते. परतीचे 18:30 ला निघून 21:30 ला मुंबईत उतरते. या वेळा त्या त्या शहराच्या आहेत. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून जाताना तेवढे वजा करायचे आणि येताना मिळवायचे. दोन्हीकडे साडेपाच तासच येतात. आपण नुसती वजाबाकी केली आहे.

अंतरापुढे ‘2,110 किमी’ लिहिले आहे. हे नॉटिकल मैल आहेत! एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किमी, तेव्हा खरे अंतर सुमारे 3,900 किमी. ताशी 900 किमीच्या वेगाने एवढे कापायलाच चार तास वीस मिनिटे लागतात. वेळापत्रकातली वेळ मात्र ब्लॉक टाइम असते, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलल्यापासून सिंगापूरला पार्किंगमध्ये थांबेपर्यंतची. त्यात टॅक्सी (विमानाचे जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जाणे व तिथून परत येणे), चढण, उतरण, उतरण्यासाठीचा खोळंबा सगळे आले. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो, तो जाताना समोरून लागतो आणि येताना पाठीशी असतो. त्याने काही मिनिटे इकडेतिकडे होतील, पाच तास नाही.

खरा फटका कनेक्टिंग फ्लाइटला बसतो. जकार्ताचे 08:55 चे विमान जोडून दाखवताना आपण सिंगापूरला पोहोचण्याची वेळ भारतीय घड्याळाने 05:10 धरली आणि पुढच्या विमानाची स्थानिक. त्यामुळे थांबा पावणेचार तासांचा दिसतो. प्रत्यक्षात सव्वा तासच आहे. दोन्ही तिकिटे वेगळ्या पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहेत, म्हणजे इमिग्रेशन करून, बेल्टवरून बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते. त्या विमानाचा काउंटर 60 मिनिटे आधी, 07:55 ला बंद होतो. उतरल्यापासून हाती पंधरा मिनिटे. हे कोणालाही जमणार नाही, आणि वेगळ्या पीएनआरमुळे पहिली विमान कंपनी पुढचे तिकीट बदलून देत नाही. ते विमान चुकले आणि जकार्ताचे तिकीट नव्याने काढावे लागले.

या नव्या तिकिटाचे पूर्ण पैसे आपण परत करावेत; पावती सोबत आहे. प्रत्येक वेळेपुढे शहराचे नाव लिहावे, प्रवासवेळ आणि थांबा हे सुटण्याची व पोहोचण्याची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नेऊन मोजावेत, आणि अंतराचे एकक तपासावे. वेगळ्या पीएनआरची सूचना पैसे भरण्याच्या पानावर, भरण्याआधी, ठळक दिसली पाहिजे. सध्या ती अटींच्या तळाशी आहे.

लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे.

आपला विश्वासू,
तिकीटधारक ग्राहक

सोबत: दोन्ही तिकिटे, ॲपच्या पानांची छायाचित्रे, नव्या तिकिटाची पावती