पॅकेज छापता, मग पोट्टे खूश आहेत का तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

अॅडमिशनचा सीझन आला की तुमच्या पेपरात पानंच्या पानं कॉलेजच्या जाहिराती येतात, हायेस्ट पॅकेज एवढं, रँक अमुक, क्लासरूम एसी, आणि आईबाप तीच कात्रणं घेऊन फिरून राहिलेले असतात. मी बजाजनगरात मेस चालवते, डबेही देते. माझ्याकडे व्हीएनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थेतले येतात, बीए-बीएस्सीवाले येतात, प्रायव्हेट इंजिनिअरिंगवाले आणि काही मेडिकलचेही येतात. कोण मजेत आहे अन् कोण नाही हे ताटावरून थोडंफार कळतंच, आणि ते रँकप्रमाणे अजिबात नसतं बरं का.

एका मोठ्या नावाच्या संस्थेतला मुलगा, बाहेरच्या राज्यातला, त्याचा डबा भरलेलाच परत यायला लागला. वरणाला हात नाही, पोळ्या कडक झालेल्या. आमच्या डबे पोचवणाऱ्या पोट्ट्याच्या ते लक्षात आलं, त्याने दार वाजवून विचारलं, काहून रे, बरं नाही का? तेव्हा कळलं की पहिल्याच सेमिस्टरला विषय राहिले, गावात हा पहिला आलेला अन् इथे सगळेच पहिले आलेले, घरी सांगायची लाज वाटत होती. मग मीच त्याच्या आईला फोन लावला, हिंदीत कसंबसं बोलले. संस्थेत काउन्सेलर आहे म्हणे, पण तो बसतो कुठे हे पोराला माहीतच नव्हतं!

त्याच वेळी गडचिरोलीकडची एक मुलगी जेवायला यायची, साध्या अनुदानित कॉलेजातली. एनएसएसच्या कॅम्पला जायची, तिथल्या मॅडम तिला नावाने ओळखायच्या, अन् रविवारी माझ्याशी भांडून भाजीत तिखट वाढवून घ्यायची. मेडिकलवाले सगळ्यात दमलेले, पण टोळीने येतात, सिनिअर ज्युनिअरला वाढतो. प्रायव्हेटवाल्यांच्या डोक्यावर लोन, ते हसतात तेही हिशोबानेच.

सरकारीत सगळं गोड आहे असंही नाही. राज्यातल्या विद्यापीठांचे निकाल लांबल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावा असं लिहिलंय, आणि तो लांबला की पुढच्या अॅडमिशनसाठी जीव टांगणीला लागतो तो पोरांचाच.

माझी मुलगी कॉलेजात शिकवते, तिला विचारलं की रँक कशावर देतात ग? एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची रँकिंग, तिच्यात पाच गोष्टी बघतात म्हणाली, शिकवणं-साधनं, संशोधन, पास होऊन मुलांचं पुढे काय झालं, कोणकोणत्या घरची मुलं सामावली आणि बाहेर नाव किती. पोरगं तिथे सुखात आहे का याचा रकानाच नाही. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या सर्व्हेत विद्यार्थ्यांना २१ प्रश्न असतात, पण तेही जास्त करून शिकवण्याबद्दल. देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या हा सरकारी आकडा आहे, म्हणूनच जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत निदान एक प्रशिक्षित काउन्सेलर हवाच असं सांगितलं. नुसता कागदावर नेमला तर काय कामाचा?

तर साहेब, तुमच्या अॅडमिशन पुरवणीत प्रत्येक कॉलेजच्या पॅकेजखालीच एवढं छापा: काउन्सेलर आहे का आणि कुठल्या खोलीत बसतो, हॉस्टेलला किती मुलांमागे एक वॉर्डन, मागच्या परीक्षेचा निकाल किती दिवसांनी लागला, आणि पहिल्याच वर्षात किती जण सोडून गेले. कॉलेजने सांगायला नाही म्हटलं तर नावापुढे ‘माहिती दिली नाही’ एवढंच टाका, आईबाप काय ते समजून घेतील.

आपली,
एक मेसवाली काकू, बजाजनगर, नागपूर